गार कपाळ

ही गोष्ट २०४३ सालची. त्या साली पंचगंगा दोनदा पुलाला लागली. डिझेलवर चालणारं शेवटचं वडाप, म्हणजे माणसं कोंबून पळणारी जीप, कोल्हापूरच्या रस्त्यावरून गेलं ते परत दिसलं नाही. पण माणसं अजून एकमेकांच्या कपाळावर हात ठेवून ताप बघायची. मनगटावरच्या घड्याळाला सगळं कळत असलं, तरी घरातल्या कुणीतरी हात ठेवून ‘कणकण हाय गं थोडी’ म्हटल्याशिवाय आजारपणाला सुरुवात होत नसे. पुढं हीही रीत गेली.

आदगोंडा मगदूम तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. नाव आजोबांचं. गाव हायवेपासून चार किलोमीटर आत. नोकरी हायवेच्या कडेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत. भट्टीतलं लोखंड साच्यात ओतून जे जॉब निघतात, त्यांच्या कडांना नको ते लोखंड चिकटून येतं. ते हातातल्या ग्राइंडरनं घासून काढायचं, कुठं हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यानं तोडायचं. याला फेटलिंग म्हणतात. आदगोंडानं ते सत्तावीस वर्षं केलं होतं.

पण कारखान्यात त्याचं नाव होतं ते अंगठ्यासाठी. तिथली रीत जुनी होती. घासून झालेला जॉब पाटावर यायचा. आदगोंडा उजवा अंगठा शंखजिऱ्याच्या पुडीत बुडवायचा आणि जॉबवरून एकदाच, सावकाश फिरवायचा. डोळे मिटून. केसाएवढी चीर असली, तर अंगठा तिथं अडायचा. नाही अडला, तर खडूची खूण, जॉब पास. एक्स-रेचं यंत्र होतं, पण त्याखाली विसात एक जॉब जायचा. बाकीचे एकोणीस अंगठ्यावर. त्या वर्षी कारखान्याला डोंगरावरच्या रोपवेचं मोठं काम मिळालं होतं. पाळणा दोराला धरून ठेवणारी लोखंडी पकड. एका पकडीखाली आठ माणसं.

गावातल्या बायासुद्धा पोरं घेऊन त्याच्याकडं यायच्या. ‘आदूमामा, हात लावून बघा की जरा.’ तो कपाळावर पंजा ठेवायचा आणि सांगायचा, ‘शंभराच्या आत हाय. काढा द्या नि झोपवा.’ सहसा चुकायचा नाही.

चुकायचा नाही, ही २०४० पर्यंतची गोष्ट.

त्या थंडीत सकाळी म्हशीची धार काढताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडली. मेणबत्तीसारखी. अर्ध्या तासानं रक्त परत आलं तेव्हा अशी आग झाली, की त्यानं बादलीत हात घातला. फेटलिंगवाल्यांना हे नवं नव्हतं. ग्राइंडर सेकंदाला शंभरावर हादरे देतो. ते हादरे दिवसाचे पाच-सहा तास, वर्षानुवर्षं हातात जिरतात. बोटांच्या टोकांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसून जातात, मग त्वचेखालची स्पर्शाची टोकं मरायला लागतात. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग पकड जाते. माणूस वरून धडधाकट दिसतो. हात जाग्यावर असतो, नखं वाढतात. फक्त सदऱ्याचं बटण लागत नाही.

त्याची बायको पद्मा रोज सकाळी त्याची बटणं लावायची. पहिल्यांदा दोघांनी त्याचा खेळ केला.

“लगीन झाल्यावर बी लावली न्हाई मी एवढी बटणं,” ती म्हणायची.

“मग आता वसूल कर.”

पुढं पुढं ती काही न बोलता लावायची आणि तो छताकडं बघायचा.

कारखान्यात त्यानं सांगितलं नाही. कुणीच सांगायचं नाही. इलाही मुल्ला, त्याच्या शेजारच्या पाटावरचा, वीस वर्षांचा सोबती, त्याची तर बोटं आणखी वाईट होती. जेवणाच्या सुट्टीत तो भिंतीकडं तोंड करून बसायचा, कारण भाकरीचा तुकडा बोटांतून निसटायचा. घरी त्याची बायको त्याला भरवायची, हे फक्त आदगोंडाला माहीत होतं.

“अंगठा चालतोय न्हवं तुझा?” इलाही विचारायचा.

“चालतोय की.”

“चालव मग. तुझा अंगठा हाय तंवर आपल्या लायनीला कोण हात लावत न्हाई.”

अंगठा अजून चालत होता, पण कानावर हात ठेवून गाणं ऐकावं तसा.

२०४३ च्या जानेवारीत मनगटात घालायची कडी आली.

पुण्याच्या एका कंपनीनं ती केली होती. परदेशी गिऱ्हाइकांनी कामगारांच्या हातांबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. त्यावर कमी हादऱ्याचे ग्राइंडर आणणं, माणसाला दोन तासांवर ग्राइंडर न देणं, हे उपाय होते. कडी हा त्याहून सोपा उपाय होता. मॅनेजर रणधीरसाहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये जमवलं. सोबत तन्वी शिराळकर नावाची इंजिनियर होती, अठ्ठावीस-तीसची, नाकाला धूळ लागून सारखी शिंकणारी.

“तुमची बोटं मेली आहेत असं तुम्हाला वाटतं,” ती म्हणाली, “पण मेलंय ते फक्त टोक. दारावरच्या बेलचं बटण तुटलं, पण वायर आणि आतली घंटा चांगली आहे, असं समजा. आपण नवं बटण बसवायचं.”

बोटांच्या पेरांवर रंगासारखा एक पातळ थर चढवायचा. त्यात दाब, खरखर, उष्णता ओळखणारे डोळ्यांना न दिसणारे कण. त्यांनी टिपलेलं मनगटावरच्या कड्याकडं जायचं आणि कडं ते मनगटातल्या जिवंत नसांना विजेच्या सूक्ष्म टिचक्यांनी सांगायचं. मेंदूला वाटणार, बोटालाच लागलं.

“पण प्रत्येकाच्या मेंदूची भाषा वेगळी,” तन्वी म्हणाली. “म्हणून पहिले पंधरा दिवस कडं फक्त शिकेल. तुमच्या बोटांत जी काही थोडी जाणीव उरली आहे, ती ऐकत राहील. या पंधरा दिवसांत घरातल्या प्रत्येक गोष्टीला हात लावा. भांडी, कपडे, जनावरं, माणसं. जितकं लावाल तितकं ते हुशार होईल.”

“बायकूला लावलं तर चालंल काय?” मागून कुणीतरी विचारलं.

“तिला विचारून लावा,” तन्वी म्हणाली, आणि शेड हसली.

ते पंधरा दिवस मगदुमांच्या घरात जत्रेसारखे गेले. आदगोंडानं घागरीला हात लावला, कडी-कोयंड्याला लावला, शेंगदाण्याच्या पोत्यात कोपरापर्यंत घातला. म्हशीच्या नाकावरून फिरवला तेव्हा ती फुरफुरली. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, की तो पद्मापुढं बसायचा आणि तिच्या कपाळावर, गालावर, हनुवटीखाली हात ठेवायचा.

“अवो, लोकं काय म्हणतील?”

“सायबीणबाईनं सांगितलंय.”

“रोज नवा बहाणा.” पण ती चेहरा पुढं करायची. ती नुकतीच विहिरीच्या पाण्यानं तोंड धुऊन आलेली असायची.

सोळाव्या दिवशी कडं बोलायला लागलं. आदगोंडानं सदऱ्याचं वरचं बटण धरलं आणि ते त्याला लागलं. कड, भोकं, आतला दोरा. पाचही बटणं त्यानं स्वतः लावली. पद्मा दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. इलाहीनं त्या दुपारी भिंतीकडं पाठ करून, सगळ्यांच्या देखत भाकरी मोडली. ‘बिस्मिल्ला’ म्हणून पहिला घास तोंडात घातला आणि म्हणाला, “कोरड्यास लई तिखट झालंय लेका.” तिखटानं डोळ्यांत पाणी आल्याचं त्यानं सगळ्यांना पटवलं.

चाळीस माणसांना कडी मिळाली. कागदावर सही घेतली होती: कडं कारखान्याच्या मालकीचं, नोकरी सोडली की परत करायचं. ती अट कुणी दोनदा वाचली नाही. हात परत आल्यावर ग्राइंडरचे तासही वाढले. आधी सहा, मग सात, मग आठ. थराखालचं बोट रोज आणखी मरत होतं, पण दुखत काहीच नव्हतं.

सप्टेंबर उजाडला. गोठ्यात पत्रा लागून पद्माच्या नडगीला जखम झाली. तिनं हळद दाबली आणि कामाला लागली. चौथ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी बसून राहिली.

“थंडी वाजतीया,” ती म्हणाली. “अंगात ताप असंल.”

आदगोंडानं कपाळावर हात ठेवला. गार होतं. अगदी नुकतं पाण्यानं धुतल्यासारखं. मानेवर ठेवला. गार.

“कसला ताप? बर्फागत हायस. उपाशी कामं करतीस, मग थंडी वाजायचीच.”

तेवढ्यात पुण्याहून मुलीचा, सन्मतीचा फोन आला. आईच्या हातावरचं घड्याळ तिनंच पाठवलं होतं. त्याची खबर तिच्याकडं जायची.

“बाबा, आईला एकशे तीन दाखवतंय.”

“हात लावून बसलोय की मी. काय न्हाई.”

“पण घड्याळ...”

“सने,” आदगोंडा हसला, “मशीनचं काय खरं असतंय गं? चुलीजवळ बसलीया ती, त्याची धग लागली असंल. माझा हात आजवर चुकलाय काय?”

सन्मतीचं लहानपण त्या हाताखाली गेलं होतं. तिनं फोन ठेवला. पद्मानंही मान डोलावली. तिनं काढा घेतला, घोंगडी ओढून पडून राहिली. आदगोंडा कामावर गेला. संध्याकाळी त्यानं पुन्हा हात ठेवला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दर वेळी गार. घड्याळ सारखं किरकिरायला लागलं, म्हणून त्यानं ते काढून फळीवर ठेवलं. दुपारी शेजारीण ताक मागायला आली, तेव्हा पद्मा तिच्याकडं बघून स्वतःच्या मेलेल्या आईच्या नावानं हाका मारत होती.

कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “किती दिवस ताप आहे?”

“तापच नव्हता,” आदगोंडा म्हणाला.

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि पडद्याकडं बोट केलं. एकशे चार पूर्णांक दोन. जखमेतलं विष रक्तात गेलं होतं, दोन्ही मूत्रपिंडं बंद पडत आली होती. “काल सकाळी आणलं असतं तर...” इतकं बोलून ते दुसऱ्या कामाला लागले.

आदगोंडा पलंगापाशी उभा राहिला. पडद्यावरचा आकडा बघत त्यानं पद्माच्या कपाळावर हात ठेवला. गार. त्यानं डाव्या हातानं कड्याची कळ दाबली, कडं काढलं, पुन्हा हात ठेवला. आता काहीच नव्हतं. ना गार, ना गरम, ना कपाळ. लाकडी फळीवर लाकडी हात.

मग तो वाकला आणि त्यानं स्वतःचा गाल तिच्या कपाळाला लावला.

चटका बसून तो मागं सरकला. परिचारिका म्हणाली, “अहो, काय झालं?”

तन्वी शिराळकर तिसऱ्या दिवशी कारखान्यात आली, महिन्याच्या तपासणीला. तो तिला शेडच्या मागं, वाळूच्या ढिगापाशी घेऊन गेला आणि घडलेलं सगळं सांगितलं. ती शिंकली नाही, काही नाही.

“बोटांवरचा थर झिजतो, मामा,” ती शेवटी म्हणाली. “तुमच्या कामात फार लवकर. उष्णतेचे कण तर भट्टीजवळ महिन्याभरात जळून जातात. मग कड्याला बोटांकडून अर्धंमुर्धंच कळतं.”

“अन् राहिल्यालं?”

“उरलेलं ते आठवणीतून भरतं. त्या पंधरा दिवसांत शिकलेलं. हाताची हालचाल, दाब, त्वचेची घडण यावरून त्याला कळतं, की ही अमुक वस्तू. मग तिचं जे साठवलेलं आहे ते पाठवतं. सगळ्यांच्याच मेंदूत थोडं असं होतं, आपण अर्धं जग सवयीनंच बघतो. फक्त कडं ते फार जास्त करतं.”

“म्हंजे मला जे लागलं...”

“ते जानेवारीतलं कपाळ होतं.”

शेडमधून ग्राइंडरांचा आवाज येत होता.

“मी सुचवलं होतं,” तन्वी घाईघाईनं म्हणाली. “कडं अंदाज करत असेल तेव्हा त्यानं माणसाला टोचावं. पहिल्या नमुन्यात तसं होतं. ते दिवसभर टोचायला लागलं. लोक म्हणाले बिघडलंय. मग कंपनीनं काढून टाकलं, पुढच्या नमुन्यात बघू म्हणाले.”

“बाई,” आदगोंडानं विचारलं, “अंगठ्याचं काय?”

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. शेडच्या दारातून पाटावरचे खडूच्या खुणांचे जॉब ओळीनं दिसत होते.

“तुम्ही आजवर हजारो जॉब तपासलेत,” ती हळू म्हणाली. “त्यातले बहुतेक गुळगुळीतच असणार. कड्याला शंका आली, तर ते गुळगुळीतच सांगेल.”

चीर शोधायची आणखी एक जुनी पद्धत होती, सावकाशीची, म्हणून सुटलेली. जॉबवर पातळ लाल रंग लावायचा, पुसून टाकायचा, वर पांढरी पूड फवारायची. चिरेत शिरलेला रंग पुडीतून वर येतो. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर, रात्री उशिरापर्यंत बसून आदगोंडानं गोदामातल्या स्वतःच्या खुणेच्या चाळीस पकडी तशा तपासल्या. अडतीस पांढऱ्या राहिल्या. दोहोंवर लाल रेघ उमटली, पापणीच्या केसाएवढी. अकराशे पकडी आधीच गेल्या होत्या.

रणधीरसाहेब वाईट माणूस नव्हते. पद्माच्या दवाखान्याची चौकशी ते रोज करत.

“त्या दोन आपण वितळवू,” ते म्हणाले. “गोदामातल्या सगळ्या तपासू. तू महिनाभर रजा घे, वहिनींजवळ बस. कडं असू दे तुझ्याकडं.”

“आणि गेलेल्या, सायेब?”

“त्या एक्स-रेतून पास आहेत.”

“विसात एक.”

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला. “आदगोंडा, परत मागवायच्या तर कारण लिहून द्यावं लागेल. काय लिहिणार? तपासनिसाच्या बोटांना कळत नव्हतं? मग विचारतील, का? मग कड्याचा परवाना रद्द होईल. सगळ्यांची कडी परत जातील, चाळीसच्या चाळीस. त्यांच्याशी बोललास तू?”

तो बोलला नव्हता. पण बातमी शेडमध्ये त्याच्या आधी पोचली. सुट्टी झाल्यावर नळाच्या कट्ट्यापाशी सगळे जमले.

“वैनींचं वंगाळ झालं,” इलाहीनं सुरुवात केली. “आमच्या घरात बी दोन दिवस चूल न्हाई पेटली धड. पण आदू, हे काय आयकतोय मी?”

“दोन पकडींत चीर निघाली, इलाही.”

“चाळिसांत दोन.”

“अकराशांत किती हुतील? पन्नास धर. एकेका पकडीखाली आठ माणसं हायती.”

“पडला काय एक तरी पाळणा? न्हाई न्हवं? लोखंड हाय ते, पापड न्हवं. चीर घेऊन वीस-वीस वर्षं चालतंय.”

“अन् न्हाई चाललं तर?”

इलाहीनं कडं घातलेला हात त्याच्या डोळ्यांपुढं धरला. “ह्ये बघ. आज सकाळी नमाजाआधी मी वजू केलं, पाणी लागलं मला हाताला. खरं का खोटं, आठवणीतलं का कुठलं, मला न्हाई करायचं. लागलं. तू लिवून दिलंस, तर उद्या मला परत बायको भरवंल. पोरांच्या समूर. तू ते बघितलायस. तूच एकटा बघितलायस.”

आदगोंडा कट्ट्यावर टेकला.

“तुझ्या अंगठ्यावर आम्ही वीस वर्षं जगलो,” मागून एकजण म्हणाला. “आता त्याच अंगठ्यानं आमचे गळे दाब.”

पद्माला शुद्ध आली होती. आठवड्यातून तीनदा रक्त गाळायला न्यावं लागणार, हे तिला सांगितलं होतं. आदगोंडानं तिला कड्याचं सगळं सांगितलं, पकडींचं सांगितलं, इलाहीचं सांगितलं. ती खिडकीकडं बघत ऐकत होती. दुपारची वेळ होती, बाहेर कुणीतरी पपनस विकत होतं.

“एक इचारू?” ती म्हणाली.

“इचार.”

“एवढे आठ म्हैने तुम्ही माझ्या तोंडावरनं हात फिरवलासा. सणाला, घरात येता-जाता. तवा तुमच्या हाताला कोण लागत हुतं? मी, का जानेवारीतली?”

“पद्मा...”

“राग न्हाई. पण मला वाटायचं, आवंदा यांची माया वाढलीया.” ती थोडी हसली, मग हसू राहिलं नाही. “मी इथं जळत हुते आणि तुम्ही दुसऱ्याच कपाळाला हात लावून बसला हुतासा. मी चुलीपाशी बसून म्हणत हुते ताप हाय, तरी मला बी तुमचा हात खरा वाटला. माझ्या अंगापेक्षा.”

त्यानं मान खाली घातली.

“त्या पाळण्यात बसणाऱ्यांना बी खराच वाटंल,” ती म्हणाली. “खडूची खूण हाय म्हणत्याली.”

“चाळीस घरं हायती, पद्मा. इलाही हाय.”

“मला म्हाईत हाय. त्याच्या बायकूला काय तोंड दावू, ते मला बी कळंना झालंय.” ती दमून गेली होती. “तुम्हाला जे करायचं ते करा. मी ‘लिवा’ म्हणणार न्हाई. म्हंजे उद्या माझ्या नावावर जायला नको.”

तो जिन्यात येऊन बसला. खिशातनं कागद काढला, पेन काढलं. पेन बोटांतून निसटलं. कडं घातलं असतं, तर अक्षर बरं आलं असतं. पण कडं त्यानं त्या दिवसापासून घातलं नव्हतं, आणि हा कागद कड्यानं लिहावा हे त्याला नको वाटलं. पेन मुठीत धरून, पाटीवर गिरवणाऱ्या पोरासारखी मोठी मोठी अक्षरं काढत त्यानं लिहिलं: ‘माझ्या अंगठ्याला फेब्रुवारीपासून खरं कळत नव्हतं. मी खूण केलेला कुठलाही जॉब पास धरू नये.’ खाली सही केली. सहीचा ‘ग’ फाटला.

एक कागद रोपवेवाल्यांना गेला, एक सरकारी कारखाना निरीक्षकांना. तन्वीनं आपली नोंद त्याला जोडली.

अकराशे पकडी परत आल्या. एकतीस चिरलेल्या निघाल्या. रोपवे दोन महिने बंद राहिला, मग नव्या पकडींवर सुरू झाला. एकही पाळणा कधी पडला नाही, त्यामुळं तो पडला असता असं कुणाला वाटलंही नाही. पेपरात चार ओळी आल्या. नोव्हेंबरच्या एका सकाळी शेडच्या दारात एक पेटी ठेवली गेली आणि चाळीस माणसांनी ओळीनं येऊन कडी काढून तिच्यात टाकली. आदगोंडाचं कडं पहिलं होतं. त्याच्यामागं जे आले, त्यांतल्या कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. इलाही शेवटचा. त्याला स्वतःच्या हातानं कळ उघडता येईना, रखवालदारानं काढून घेतलं.

पुढं कोणाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं.

तन्वी शिराळकरची नोकरी गेली. दोन वर्षांनी तिनं दुसऱ्या एका कंपनीत अंदाज करताना टोचणारं कडं केलं. ते चांगलं होतं. पण दिवसभर टोचत राहणारी वस्तू घ्यायला गिऱ्हाईक मिळालं नाही. ती पुढं परदेशात गेली. मगदूम जैन; दर पर्युषणात, जैन माणसं एकमेकांची क्षमा मागतात तेव्हा, सन्मतीला तिचं क्षमेचं पत्र यायचं, ती स्वतः जैन नसूनही.

रणधीरसाहेबांनी फौंड्रीत माणसाचे हात लावायचंच बंद केलं. २०४६ पर्यंत फेटलिंगला यंत्रमानव आले. हादरे तेच, फक्त ते जिरायला आता हात नव्हते. हे वीस वर्षं आधी का केलं नाही, असं त्यांना एका समारंभात कुणी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, माणसं स्वस्त होती.

चाळीस माणसांपैकी चौदांना भरपाई मिळाली. बाकीच्यांच्या बोटांचे जुने कागद नव्हते, कारण त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

सन्मती पुण्याची नोकरी सोडून गावी आली. बापाशी ती चांगली वागायची. पण आपल्या पोराला बरं नसलं, की त्याच्याकडं न आणता सरळ दवाखान्यात न्यायची. त्यानंही कधी ‘आण’ म्हटलं नाही.

पद्मा तीन वर्षं आणि दोन महिने जगली. कोल्हापूरच्या फेऱ्या करून तिच्या हातावरची शीर दोरखंडासारखी फुगली. आदगोंडाला तिची वेणी घालता येत नसे, गोळ्यांचं पाकीट फोडता येत नसे; तो सगळं दातांनी करायचा. सकाळी उठल्यावर तो तिच्या कपाळाला गाल लावायचा आणि आकडा सांगायचा. तो बरोबर असायचा. तिनं पुन्हा कधी त्याला ‘माया वाढली’ असं चिडवलं नाही.

ती गेली त्या सकाळी गावातली माणसं जमली. कारखान्यातलं कुणी येणार नाही, असं धरूनच चाललं होतं. तिरडी उचलायची वेळ झाली आणि इलाही मुल्ला दारात येऊन उभा राहिला. तीन वर्षांत तो आदगोंडाशी एक शब्द बोलला नव्हता. त्याचे दोन्ही हात बाजूला लोंबत होते, पंजे आत वळलेले. सदऱ्याची बटणं वरपासून खालपर्यंत नीट लावलेली होती. घरून कुणीतरी लावून दिली होती.

कुणीतरी म्हणालं, “इलाहीभाई, तुम्ही राहू द्या, तुम्हाला धरायला जमायचं न्हाई.”

“खांद्याला बोटं लागत न्हाईत,” इलाही म्हणाला आणि पुढच्या उजव्या बाजूला आदगोंडाशेजारी येऊन वाकला.

दोघांनी बांबू खांद्यावर घेतला. ओढ्यापर्यंत पाऊण मैलाची वाट होती. मध्ये दोनदा खांदेकरी बदलले, ते दोघे बदलले नाहीत. ओढ्यावर पोचल्यावर इलाहीनं वाकून खांद्यावरचा बांबू उतरवू दिला, थोडा वेळ लांब उभा राहिला आणि आला होता त्याच वाटेनं परत गेला. आदगोंडाशी तो तेव्हाही बोलला नाही, आणि त्यानंतरही नाही.